काका घरात गेले की दवाखान्यात

सोमवार, ५ जानेवारी

मुग्धाचं ठरलंय. लेकीचं ठरलं म्हणजे माझंही ठरलं. संत तुकाराम नगरचा हा फ्लॅट विकायचा, तिने मारुंजीत मोठा फ्लॅट बघून ठेवलाय त्यात पैसे घालायचे, त्यातली एक खोली माझी. बिल्डर मार्चअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. एप्रिलमध्ये तिचं बाळंतपण. सगळं कसं रांगेत लावून ठेवलंय पोरीने. चाकणच्या कारखान्यात जन्म काढलेल्या बापाची लेक शोभते.

मी हो म्हटलं. फोनवर हो म्हणायला सोपं जातं.

आता एजंट शोधणे. हे असते तर हसले असते. सोसायटीचे सेक्रेटरी असताना ह्यांनीच गेटवर पाटी लावली होती, दलालांना सक्त मनाई. वॉचमनला आज सांगावं लागलं, आपल्याकडे दलाल येतील, सोडत जा. तो म्हणाला, "पण साहेबांनी सांगितलंय, कुणाला सोडू नको म्हणून." साहेब जाऊन सहा महिने होत आले. त्याच्या ड्युटीत अजून साहेबांचाच हुकूम चालू आहे. मला उगाच बरं वाटलं.

गुरुवार, ८ जाने.

जावयांनी फ्लॅट कुठल्याशा अ‍ॅपवर टाकला. सकाळपासून फोन. "मॅडम, पार्टी रेडी आहे." घर बघितलं नाही, मजला विचारला नाही, आणि पार्टी रेडी! उचलली जीभ लावली टाळ्याला. वर्गात अशा पोरांना मी बाकावर उभं करायचे. पार्टी रेडी म्हणणाऱ्याचा फोन आधी ठेवायचा, हा नियम केला. त्या हिशेबाने एकही उरला नाही.

शेजारच्या शैलावहिनींना विचारलं. त्या इथल्याच, गावठाणातल्या. चार पिढ्यांनी दलाल बघितलेत. म्हणाल्या, "अगं, पोरगी द्यायची म्हनल्यावर पावण्याचं घर बघतो का न्हाई? तसंच हाय. त्यानं आधी ज्यांचं घर इकून दिलंय त्यांच्याकडं जायाचं. पानी मागायचं. त्याचं नाव काढल्यावर बी पानी हसून दिलं, तर दलाल चांगला."

हसले मी. किती दिवसांनी.

रविवार, ११ जाने.

मु.च्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलेला संतोष येऊन गेला. वाकडमध्ये ऑफिस आहे म्हणे. इस्त्रीचा शर्ट, चपला दाराबाहेर, "काकू, बसू का?" विचारून बसला. मला आवडला. शैलावहिनींचं पाणी वगैरे विसरले, उलट मीच त्याला कोकम सरबत करून दिलं.

खोल्या बघितल्या, बाल्कनी बघितली, फोटो काढले. मग अगदी हळू आवाजात,

"काकू, एक विचारू? काका घरात गेले की दवाखान्यात?"

इतके लोक भेटून गेले, हे कुणी विचारलं नव्हतं. मी दिवाणाकडे बोट केलं. तो दिवाणावरच बसला होता. पटकन उठला.

"मग आपण दवाखान्यात म्हणू. पार्टी विचारतेच हो. काकांचा फोटो जरा आत घ्या. दिवाण हलवला तर हॉलही मोठा दिसेल." मग म्हणाला, "एजंट कशाला असतो काकू? तुम्हाला जे बोलवत नाही ते बोलायला."

पटलं तेव्हा. खरंच पटलं.

सकाळी फिरायला निघाले होते. दिवाणावर बसून बूट घालत होते. मोबाइल सापडत नव्हता त्यांचा, मी आत शोधत होते. "सापडला का गं?" असं विचारलं. उशीखाली सापडला. घेऊन बाहेर आले तर एका बुटाची लेस बांधलेली आणि

नको.

बुधवार, १४ जाने. संक्रांत

हळदीकुंकवाला बोलावणं नाही. कुणाच्या मनात वाईट नसतं, पण जीभ रेटत नाही. शैलावहिनी संध्याकाळी तिळगूळ घेऊन आल्या, दारातच उभ्या राहिल्या. माझा हात घट्ट धरला. मग त्यांच्या घरातून बायकांचे आवाज येत राहिले. मी टीव्ही मोठा केला.

ह्यांचा फोटो आज भिंतीवरून उतरवला. साड्यांच्या खणात ठेवला, पैठणीवर. भिंतीवर खिळा राहिलाय, आणि रंगाचा एक चौकोन. दिवाण बेडरूममध्ये सरकवला. वॉचमन आणि त्याचा भाऊ आले होते मदतीला. वॉचमन सारखा खिळ्याकडे बघत होता.

रविवार, १८ जाने.

आज तीन कुटुंबं. घर दाखवणं म्हणजे काय असतं ते कळलं. अनोळखी बाई येते आणि आपलं ओट्याखालचं दार उघडते. एकीने नळ सोडून धार बघितली. एकीने गॅलरीत माझा टॉवेल बाजूला सारून खाली बघितलं. एका पोराने दिवाणावर उड्या मारल्या.

तिसरी बाई बेडरूममधलं कपाट घरासोबत मिळणार का म्हणत बघायला गेली, आणि साड्यांचा खण ओढला. आत हे. हार घातलेले, कंपनीच्या वर्धापनदिनाचा सूट. बाई "अगं बाई" म्हणून मागे सरकली. संतोष म्हणाला, "काकूंचे मोठे दीर."

मोठे दीर! ह्यांना थोरला भाऊच नव्हता. हे ऐकून ते आधी हसले असते आणि मग संतोषला घराबाहेर काढलं असतं. मला दोन्ही जमलं नाही.

रविवार, २५ जाने.

जमलं बहुतेक.

मुलगा चाकणला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. बायको गोड आहे, कमी बोलते. बरोबर त्याची आई, नगरकडच्या. माझ्याच वयाच्या, कपाळ माझ्यासारखंच. मुलाला हॉल आवडला, सुनेला स्वयंपाकघर. आई सोफ्यावर बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुमचे मालक कधी गेले?"

मी तोंड उघडणार तोवर संतोष, "नऊ जुलैला. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात. आठवडाभर ॲडमिट होते."

त्यांनी पर्समधून छोटं पंचांग काढलं. चष्मा लावला, बोट फिरवलं. मला आत्ता कळलं, संतोषने तारीख आधीच बघून ठेवली होती. हे सोळा जुलैला गेले. पंचकात. गुरुजींनी तेव्हा दर्भाचे पुतळे करून शांत केली होती आणि घर काही दिवस बंद ठेवा म्हणाले होते. मी ठेवलं नाही. हप्ते फेडून उभं केलेलं घर, ते बंद कुणासाठी ठेवायचं?

"नऊ का हो ताई?" त्यांनी मलाच विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी पंचांग मिटलं आणि हसल्या. पुढच्या रविवारी विसार द्यायला येणार, म्हणजे सौद्याची पहिली रक्कम, आणि त्याची पावती. संतोष जिन्यात मला म्हणाला, "काकू, एक नंबर."

मु. फोनवर रडलीच आनंदाने.

सोमवार, २६ जाने.

सकाळपासून एकच काम करतेय. नऊ तारखेला काय झालं होतं ते आठवतेय.

नऊला आम्ही पिंपरी कॅम्पात गेलो होतो, मिक्सरचं भांडं बदलायला. ह्यांनी दुकानदाराशी इतकी घासाघीस केली की मी लांब जाऊन उभी राहिले. दहाला गुरुपौर्णिमा. हाताखाली शिकलेला कंपनीतला एक जण शाल घेऊन आला. तो गेल्यावर हे शाल पांघरून आरशासमोर उभे. "कसा दिसतो?" म्हटलं, सत्कारमूर्ती. शनिवारी आमचं भांडण. साखरेवरून. चोरून लाडू खाल्ला आणि कबूल करेनात. रविवार दुपारपर्यंत अबोला. मग त्यांनीच चहा करून आणला, साखरेचा, आणि मुकाट्याने अर्धा माझ्या कपात ओतला. मंगळवारी बुटांना पॉलिश केलं.

संतोषने एवढं सगळं खोडून टाकलं. ह्यांचा एक अख्खा आठवडा. आणि मी मान हलवली. तो अबोल्याचा दिवससुद्धा मला हवाय. कुणाला द्यायचा नाहीये मला तो.

जेवण गेलं नाही. पोळी कुत्र्याला.

गुरुवार, २९ जाने.

संतोषला फोन. म्हटलं, त्यांना खरी तारीख सांग. तो म्हणाला, "काकू, व्यवहारात एवढं चालतं. ते लोक राहायला आले की कोण विचारतंय?" मग मीच सांगते, नंबर दे. "पावती होईपर्यंत पार्टीचा नंबर आम्ही देत नाही." माझ्या घराच्या दोन बाजूंना दोन माणसं आणि मधे हा. माझं बोलणं त्याच्याच तोंडून जाणार. मला आवडेल तसं नाही, त्याला परवडेल तसं.

रविवार, १ फेब्रुवारी

आले. पेढे, नारळ, पिशवीत पावतीपुस्तक. सूनबाई नवी साडी नेसून आली होती.

मी त्यांच्या आईंसमोर बसले आणि सांगितलं. हे सोळा जुलैला गेले. दवाखान्यात नाही, ह्या हॉलमध्ये. दिवाण इथे होता.

त्यांनी पंचांग काढलं नाही. त्यांना पाठ असावं. मुलगा म्हणाला, "आई, आजकाल कोण मानतं हे?" त्या म्हणाल्या, "मी मानते रे." उठल्या. दारात माझ्यापाशी थांबल्या. "ताई, राग मानू नका. सुनेला दिवस गेलेत, आत्ताच कळलंय. माझी छाती होत नाही."

मी म्हटलं, माझ्याही मुलीला दिवस गेलेत. का म्हटलं कुणास ठाऊक. त्यांनी माझा हात हातात घेतला. आम्ही दोघी दारात उभ्या राहून रडलो, आणि लिफ्ट येऊन उभी. पेढे इथेच राहिले.

संतोष शेवटी उतरला. "काकू, माझा महिना गेला तुमच्यामागे." बिचारा. खोटं बोलला पण मेहनत खरी केली होती.

मंगळवार, ३ फेब्रु.

मु. आली. बसली नाही. "आई, तू मुद्दाम केलंस."

"खोटं बोलवेना मला."

"खोटं नाही. तुला यायचंच नाहीये माझ्याकडे. तसं सांग ना मग!"

पोट सांभाळत जिना उतरून गेली, लिफ्टसाठीही थांबली नाही. मी खिडकीतून रिक्षा जाईपर्यंत बघत होते. खरं काय ते मलाही सांगता येईना. खोटं टोचलं हे खरं. सौदा मोडला तेव्हा आत कुठेतरी सुटल्यासारखं झालं, हेही खरं. बाळ येणार हे ह्यांना कळलंच नाही. आम्हाला कळलं ते ऑगस्टात. आणि त्याच बाळासाठी मी हलत नाहीये.

रविवार, ८ फेब्रु.

शैलावहिनी मला धरून रेखाताईंकडे घेऊन गेल्या. बाजाराच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान, करारनामे टाइप करून देतात, आणि घरांची कामं. लातूरकडच्या. नवरा कामगार होता, तो गेल्यावर हे सुरू केलं. बाई बोलायला सुपारीसारखी कडक. मी बसल्याबरोबर,

"दोन टक्के. तुमच्याकडून दोन, घेणाऱ्याकडून दोन. कमी होणार न्हाई. आत्ताच सांगते, नंतर तोंडं वाकडी नकोत."

संतोष कधीच आकडा नीट बोलला नव्हता. "बघू ना काकू, घरचंच आहे."

मी ह्या वेळी शहाणी झाले. त्यांनी पूर्वी ज्यांचं घर विकून दिलं त्या बाईंकडे, दोन गल्ल्या सोडून, गेले. पाणी मागितलं. रेखाताईंचं नाव काढताच बाई म्हणाली, "खडूस आहे हो! माझ्या बाथरूमची गळती गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगून बसली. केवढी भांडले मी तिच्याशी." मग म्हणाली, "पण नंतर कुणी माझ्या दारात भांडायला आलं नाही." पाणी हसून दिलं की नाही ते ठरवता येईना. म्हणून पुन्हा मागितलं.

बुधवार, ११ फेब्रु.

रेखाताई घर बघून गेल्या. भिंतीपाशी थांबल्या.

"इथं काय होतं?"

"ह्यांचा फोटो."

"मग लावा की. रिकामा खिळा लई वाईट दिसतो."

एवढंच. पुढे गेल्या, गिझर चालू करून बघितला.

फोटो लावला. दिवाण पुन्हा हॉलमध्ये. वॉचमनने ह्या वेळी पैसे घेतले नाहीत.

रविवार, २२ फेब्रु.

रेखाताई दारातच सगळं सांगतात. पाणी एकदाच येतं, लिफ्ट म्हातारी आहे, पार्किंग पावसात तुंबतं, "आणि ह्यांचे मिस्टर ह्याच घरात गेले, पंचकात. चालत आसंल तर चपला काढा." अर्धे लोक चपला काढतच नाहीत. आज एकजण म्हणाला, "सॉरी हां," आणि जिन्यावरूनच वळला. जणू मी त्याच्या अंगावर काही सांडलं.

प्रत्येक वेळी ऐकायला लागतं. ह्यांचे मिस्टर ह्याच घरात गेले. पहिल्यांदा पदर तोंडात धरला होता. आता नुसती उभी असते. रडू येतं, पण ते आपलं नेहमीचं.

जावई फोनवर म्हणाले, "आई, ही बाई आपली एजंट आहे की त्यांची?" रेखाताईंना तसंच विचारलं. त्या पानाला चुना लावत होत्या. "मी दोगांकडून पैसे घेते, मग दोगांना सांगाय नको? लोक दारातून परत जायलेत म्हणून घाबरायलाव का तुमी? जाणारे आत्ता गेलेले बरे. घर विकल्यावर यायचे तेच, भांडाय."

मु. बोलत नाही. मेसेज येतो, "जेवलीस का". मीही "हो" लिहिते.

रविवार, ८ मार्च

एक जोडपं आलं. तो चाकणला शिफ्टला, ती नर्स. दोघंही परभणीची. रेखाताईंनी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. नर्सने चपला काढल्या.

"रोज बघते ताई मी," ती म्हणाली. "दवाखान्यात जे जातात ना, त्यांना शेवटी घरच हवं असतं. घरी न्या, घरी न्या म्हणतात." फोटोकडे बघून तिने नमस्कार केला. मग मोजमाप काढायला लागली, शिस्तीत. जाताना विचारलं, "हा दिवाण तुम्ही नेणार का? नसाल नेणार तर आम्हाला ठेवा. आमच्याकडे फर्निचर काहीच नाही."

तिला ठाऊक होतं, कोणता दिवाण ते. मी बघून सांगते म्हटलं. रेखाताई जिन्यात काहीच बोलल्या नाहीत. 'एक नंबर' नाही, काही नाही.

शनिवार, १४ मार्च

नर्सबाईंचं ठरलं. त्यांना विसाराची पावती पाडव्याला करायचीय, साडेतीन मुहूर्तांतला. आमच्याकडे यंदा गुढी नाही. रेखाताई म्हणाल्या, "तुमचं वर्ष झालेलं न्हाई, म्हणून विचारते. पाडव्याला चालंल का? बुधवारी संध्याकाळपर्यंत सांगा. त्यांनी पैशाची सोय केलीय, लटकवून ठेवू नका."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? मी म्हटलं तर माझे दोन टक्के बोलतील."

हिला माझ्याच पायरीवर उभी राहून माझ्या तोंडावर असं सांगता येतं. एजंट असावा तर असा, आणि नेमका असाच असला की आपली पंचाईत होते. संतोष असता तर मी केव्हाच त्याच्यावर ढकलून मोकळी झाले असते.

बुधवार, १८ मार्च

दुपारी मु. आली. तिसऱ्या महिन्यासारखी थकलेली दिसली, आणि चालू आहे नववा. दिवाणावर बसली. एकदम म्हणाली, "आई, बाबा गेले तेव्हा नक्की काय झालं? तू मला नीट कधी सांगितलंच नाहीस. दारात येणाऱ्या लोकांना माहितीये, मला नाही."

सांगितलं. मोबाइल, उशी, "सापडला का गं". लेस. नऊ तारखेपासूनचा आठवडाही सांगितला, शाल, लाडू, अर्धा चहा. ती ऐकत होती, हुंदके देत होती, मधेच हसतही होती. "बाबा लाडू माझ्याकडेही चोरून खायचे." मी पहिल्यांदाच कुणाला ते सगळं न थांबता सांगितलं.

मग डोळे पुसून म्हणाली, "नको विकूस, आई. फ्लॅटचं आम्ही बघू. छोटा घेऊ. तू इथेच राहा. मी चिडले होते ते... नको विकूस."

मी तिला जवळ घेतलं. पोटातल्याने लाथ मारली, माझ्या हाताला लागली.

जानेवारीपासून ह्या एका वाक्याची वाट बघत होते. आज आलं, आणि वाटलं, हे का आलं? आजवर मी विकत होते मुग्धासाठी आणि विकत नव्हते ह्यांच्यासाठी. आता ती विक म्हणत नाही, आणि हे तर काही म्हणतच नाहीत. मधे कुणी राहिलं नाही.

ती झोपलीय आत. सहा वाजून गेले. रेखाताईंचा मिस्ड कॉल आहे. मोबाइल समोर ठेवलाय. लावते. काय सांगायचं ते ह्या वेळी माझं मीच बोलणार.